मुद्रांक सरकारचा, कमाई छापखान्याची

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या गुप्त औषधांच्या, म्हणजे आतले घटक गुपित ठेवून विकल्या जाणाऱ्या औषधांच्या, जाहिराती आज कुणी समोर धरल्या की पहिल्यांदा हसूच येतं. टकलावर केस, बहिऱ्याला कान, क्षयरोग्याला बाटली, लाजऱ्याबुजऱ्या तरुणाला कमरेला बांधायचा विजेचा पट्टा. काय ते लोक आणि काय तो भाबडेपणा, असं म्हणून आपण पान उलटतो. मला हे हसणं पटत नाही. एक तर ती औषधं घेणारी माणसं आपल्यापेक्षा अडाणी नव्हती. आणि दुसरं म्हणजे या हसण्यात विकणारा भोंदू आणि घेणारा भोळा एवढेच दोघे दिसतात. ज्यांच्या खांद्यावर हा सगळा धंदा साठ-सत्तर वर्षं उभा राहिला, ती सभ्य मंडळी नामानिराळी राहतात.

आधी हिशेब पाहू. थॉमस बीचम लहानपणी मेंढ्या राखत असे. १८४० च्या दशकात तो बाजारातून गोळ्या विकू लागला आणि पुढे लँकशरमधल्या सेंट हेलेन्स गावी त्याने कारखानाच थाटला. ‘डबीचं मोल एक गिनी’ हे त्याचं घोषवाक्य इंग्लंडात पोराटोरांच्या तोंडी होतं; गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, डबी मात्र शिलिंगभराला मिळायची. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बाजारातल्या अशा औषधांचं रासायनिक पृथक्करण करून एक पुस्तकच छापलं. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवून वाळवलेला रस. त्याने पोट साफ होतं हे आपल्याकडच्या जुन्या सुईणींना सांगावं लागलं नसतं. ५६ गोळ्यांच्या डबीत माल होता अर्ध्या फार्दिंगचा आणि डबी विकली जायची एक शिलिंग दीड पेनीला. पेनीचे चार फार्दिंग आणि शिलिंगच्या बारा पेन्या या हिशेबाने विक्रीची किंमत मालाच्या १०८ पट भरते. जपाची अख्खी माळ ओढून होईल एवढी.

आता त्या वरच्या दीड पेनीकडे बघा, कारण माझ्या म्हणण्याचं मूळ तिथे आहे. ती बीचमच्या खिशात जात नव्हती. ती सरकारची होती. १७८३ पासून ब्रिटनमध्ये अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होतं आणि १८१२ च्या कायद्याने ते पक्कं झालं. शिलिंगभर किमतीच्या डबीवर दीड पेनीचा मुद्रांक, महागड्या बाटलीवर त्याहून जास्त. हा कागदी मुद्रांक डबीच्या झाकणावर असा चिकटवायचा की डबी उघडताना तो फाटावा. साध्या माणसाला त्यात काय दिसणार? सरकारने तपासलंय, सरकारने पास केलंय, हेच दिसणार. उत्पादकांनीही हा समज चांगलाच पिकवला. ‘सरकारी मुद्रांकावर आमचं नाव पाहून घ्या, त्याशिवाय माल अस्सल समजू नका’ अशा सूचना जाहिरातींत ठळक छापलेल्या असत. प्रत्यक्षात सरकारने आत काय आहे हे उघडून पाहिलेलं नव्हतं. तसं पाहण्याची त्याच्यावर जबाबदारीही नव्हती.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ज्याची रचना सर्वांना माहीत आहे असं मान्यताप्राप्त औषध पात्र केमिस्टने विकलं, तर त्याला या करातून सूट होती. कर लागायचा तो ‘हे माझं गुपित आहे’ असं म्हणणाऱ्याला. म्हणजे खजिन्याची कमाई थेट गुपितावर चालली होती. पेटंट तर यातल्या बहुतेकांनी कधी घेतलंच नव्हतं. ते घ्यायचं तर घटक उघड करावे लागतात, आणि घटक उघड झाले की सुंठीला गिनीचं मोल येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मुद्रांकातून खजिन्यात वर्षाला तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा होत होती. एवढी दुभती गाय कुठलं सरकार दावं सोडून हाकलून देईल?

दुसरे भागीदार वर्तमानपत्रवाले. इंग्लंडात १८५३ मध्ये जाहिरातींवरचा कर गेला, १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचं मुद्रांक शुल्क गेलं, १८६१ मध्ये कागदावरचा कर गेला. या सुधारणांसाठी लढणाऱ्यांना ज्ञान स्वस्त करायचं होतं आणि ते झालंही. पेनीला वर्तमानपत्र मिळू लागलं. पण पेनीत वर्तमानपत्र निघत नाही, ते निघतं जाहिरातीवर, आणि रोज, बारमाही, रोख पैसे मोजून जाहिरात देणारं गिऱ्हाईक म्हणजे औषधवाला. थॉमस होलोवेचं उदाहरण घ्या. १८३७ मध्ये त्याने मलम काढलं, पाठोपाठ गोळ्या. सुरुवातीला देणी थकून हा गृहस्थ कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगाची हवा खाऊन आला. तरी बाहेर आल्यावर त्याने जाहिरातीचा हात आखडला नाही, उलट सैल सोडला. १८४२ मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता आणि १८८३ मध्ये मरण पावला तेव्हा हाच आकडा ५०,००० पौंडांवर गेलेला होता. त्याच्या औषधांबरोबरची सूचनापत्रकं चिनी, तुर्की, आर्मेनियन, अरबी आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक देशी भाषांत छापली जात. साम्राज्याचा सूर्य जिथे जिथे मावळत नव्हता, तिथे तिथे होलोवेची गोळी आधीच पोचलेली होती.

एवढा पैसा येतो तेव्हा तो एकटा येत नाही, बरोबर तोंडाला कुलूप घेऊन येतो. वैद्यकीय संघटनेने काढलेल्या त्या पुस्तकाची जाहिरात पैसे देऊनही छापायला कित्येक वर्तमानपत्रांनी नकार दिला. शिलिंगभराच्या पुस्तकापायी हजारोंचं गिऱ्हाईक कोण दुखावणार? अमेरिकेत तर हे कुलूप करारपत्रातच लिहिलेलं असे. ‘हॉल्स कटार क्युअर’ या सर्दीपडशावरच्या औषधाचा मालक एफ. जे. चेनी याने जाहिरातीच्या करारात एक कलम घालायला सुरुवात केली आणि त्याची युक्ती पाहून इतर औषधवाल्यांनीही ते उचललं: तुमच्या राज्यात आमच्या धंद्याला मारक कायदा झाला तर हा करार आपोआप रद्द. तेवढं कलम पुरलं. गावोगावचे संपादक आपणहोऊन आमदारांना तारा करू लागले. औषधवाल्याला विधानसभेच्या पायऱ्या चढायची गरजच उरली नाही.

आता घेणाऱ्यांकडे येऊ. त्यांना मूर्ख म्हणणं फार सोपं आहे. पण बीचमची गोळी नाकारून माणूस जाणार होता कुठे? डॉक्टरची फी मजुराच्या आठवड्याच्या कमाईत मोठं भगदाड पाडायची. आणि फी भरून मिळायचं काय, तर शतकाच्या पूर्वार्धात बऱ्याचदा पाऱ्याची पूड नाहीतर जळवा. ऑलिव्हर वेंडेल होम्स हा स्वतः डॉक्टर आणि हार्वर्डचा प्राध्यापक. १८६० मध्ये तो भर सभेत म्हणाला, की सध्याची सगळी औषधं समुद्राच्या तळाशी बुडवली तर माणसांचं भलं होईल, वाईट होईल ते माशांचं. हे डॉक्टरांच्याच घरचं मत. १८५८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली, पण नोंद नसलेल्याने उपचार करू नयेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्याने फक्त ‘मी नोंदणीकृत आहे’ असं खोटं सांगू नये, एवढंच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये दाखवला खरा, पण त्यावर चालणारं औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. मधली साठ वर्षं क्षयाच्या रोग्याने काय करायचं होतं? ज्याला अधिकृत विद्या ‘आता काही नाही’ म्हणते, तो अनधिकृत दाराशी जातो. त्या माणसाला मी हसू शकत नाही.

आणि काही औषधं खरोखर काम करायची, हेही मान्य करायला हवं. जॉन कॉलिस ब्राऊन हा इंग्रज पलटणीचा डॉक्टर. हिंदुस्थानात असताना, १८४८ च्या सुमारास, त्याने पटकीवर एक मिश्रण तयार केलं: अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. तेच पुढे ‘क्लोरोडाइन’ म्हणून विकलं गेलं, इकडेही आलं आणि साहेबांच्या औषधपेट्यांत जाऊन बसलं. त्याने जुलाब थांबायचे, खोकला थांबायचा, झोप लागायची, कारण अफूने हे सगळं होतंच. पटकी बरी होत नव्हती आणि बाटलीची सवय सुटत नव्हती, ही पुढची गोष्ट. १८६८ च्या कायद्याने अफू विकण्यावर बंधनं आणली, पण त्यात ‘पेटंट औषधां’ना सूट ठेवली; पेटंट असो वा नसो, या गुप्त औषधांना सरसकट हेच नाव होतं. म्हणजे अफू पुडीत बांधून मागितली तर वर ‘विष’ अशी चिठ्ठी, आणि तीच अफू नाव-गाव असलेल्या बाटलीत घातली तर मोकाट. १८९२ मध्ये क्लोरोडाइनच्या विक्रेत्यावर खटला भरून ही पळवाट कशीबशी बुजवली गेली. तोवर चोवीस वर्षं गेली होती.

त्या चोवीस वर्षांत सर्वात जास्त मेली ती तान्ही मुलं. ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे अफू, काकवी आणि मसाल्यांचं मिश्रण मँचेस्टर-नॉटिंगहॅमच्या कामगार वस्त्यांत कोपऱ्यावरच्या दुकानात पेनीला मिळायचं. आई गिरणीत, मूल शेजारच्या म्हातारीकडे, आणि म्हातारीकडे अशी आणखी चार. चमचाभर दिलं की मूल निजायचं. निजलेलं मूल दूध मागत नाही, म्हणून ते हळूहळू वाळत जायचं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र अफूचं नावही येत नसे. आपल्या मुंबईच्या गिरणगावात पुढे हेच बाळगोळीच्या रूपाने घडलं. फॅक्टरी आली की पाठोपाठ मुलांना निजवणारी अफू आली, लँकशरमध्ये काय आणि परळमध्ये काय. त्या आयांना कुणी निष्काळजी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, की मग पाळणाघर कुणी काढायचं होतं, गिरणीमालकाने की कॉर्डियलवाल्याने?

इथवर जे सांगितलं ते दुकानातल्या गिऱ्हाइकाचं. टपालाने औषध मागवणाऱ्याची कथा वेगळी आहे, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. १८४० मध्ये पेनीचं टपाल आलं, १८८१ मध्ये पोस्टल ऑर्डर आली, १८८३ मध्ये पार्सल सेवा. आता ज्याला दुकानात जाऊन चार लोकांत तोंड उघडता येत नाही तो घरबसल्या औषध मागवू शकत होता. गुप्तरोग, नपुंसकत्व, पाळी चुकणं, मूळव्याध, फिट्स. जे दुखणं घरात बोलता येत नाही ते परक्याला पत्रात लिहिता येतं. जाहिरातीत आश्वासन असायचं: पत्रव्यवहार गुप्त, पाकिटावर कोणतंही नाव नाही. कोऱ्या पाकिटाला माणूस जेवढा भुलला तेवढा गोळीला भुलला नसेल.

धंद्याची रीत ठरलेली होती. जाहिरातीत पुस्तिका फुकट. पुस्तिकेसाठी पत्र टाकलं की पुस्तिकेबरोबर प्रश्नावली: वय काय, झोप कशी, लघवीचा रंग कसा, कुणाला काही सांगितलंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्याला सर्वात उपयोगाचं. प्रश्नावली भरून पाठवली की ‘डॉक्टरां’चं निदान यायचं, आणि निदान नेहमी गंभीरच निघायचं, पण वेळेत कळवलंत म्हणून आशा आहे. मग किंमत. पैसे आले नाहीत तर महिनाभराने दुसरं पत्र, थोडी सवलत. मग तिसरं, निम्म्या किमतीत, ‘केवळ तुमच्यासाठी’. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामझू नावाच्या गावाहून ‘ट्युबर्क्युलोझाइन’ नावाचं क्षयाचं औषध टपालाने इंग्लंडात येई. महिन्याच्या दोन बाटल्यांना अडीच पौंड. आतला माल मोजक्या पेन्यांचा. मरणाच्या दारातल्या माणसाने ते अडीच पौंड कुठून उभे केले असतील याचा विचार करून पाहा.

लिडिया पिंकम ही मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची बाई. १८७५ पासून तिच्या नावाने बायकांच्या दुखण्यांवरचं एक वनस्पतीज मिश्रण विकलं जाई. त्यात मद्यार्क सुमारे १८ टक्के होता. दारूबंदीच्या सभांना जाणाऱ्या कित्येक भल्या बायका ते चमच्याचमच्याने घेत. पण तिचं खरं भांडवल होतं पत्रव्यवहार. ‘मिसेस पिंकमला लिहा, तुमचं पत्र कुणी पुरुष वाचणार नाही.’ बायकांनी लिहिलं, हजारोंनी लिहिलं, डॉक्टरला जे सांगायची सोय नव्हती ते लिहिलं. उत्तरं यायची. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाच्या एडवर्ड बॉक या संपादकाने एक छायाचित्र छापलं: लिनच्या दफनभूमीतला बाईंच्या थडग्याचा दगड, त्यावर मृत्यूचं साल १८८३. शेजारी त्याच कंपनीची जाहिरात, त्यात बाई आपल्या प्रयोगशाळेत काम करताहेत. बावीस वर्षं मेलेली बाई सल्ला देत होती. कंपनीने यावर काय म्हणावं? की पत्रं आम्ही ‘मिसेस पिंकम’ना लिहायला सांगतो, त्या म्हणजे लिडियाबाईंच्या सूनबाई.

तरी पिंकमकडून निदान उलट पत्रात सहानुभूती यायची. इंग्लंडातल्या तीन भावांकडून काय आलं ते वाचून अंगावर काटा येतो. रिचर्ड, एडवर्ड आणि लिओनार्ड क्राइम्स. १८९० च्या दशकाच्या शेवटी यांनी ‘लेडी मॉन्ट्रोज’ या भपकेबाज नावाने बायकांसाठी वड्या काढल्या आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. ‘अडथळा दूर होईल’ ही त्या काळची सांकेतिक भाषा होती. अर्थ सगळ्यांना कळायचा: गर्भ पडेल. वड्यांनी तसं काही होण्याजोगं नव्हतं. पण त्या मागवणाऱ्या प्रत्येकीचं नाव आणि पत्ता वहीत लिहिला गेला. १८६१ च्या कायद्याप्रमाणे स्वतःचा गर्भ पाडण्याचा प्रयत्न करणंही गुन्हा होता. १८९८ च्या शरद ऋतूत भावांनी ती वही काढली आणि ‘चार्ल्स मिचेल’ नावाच्या बनावट अधिकाऱ्याच्या सहीने पत्रं रवाना केली: आपण केलेल्या गुन्ह्याचा पुरावा आमच्याकडे आहे, दोन गिनी पाठवल्यास कारवाई होणार नाही. अशी आठ हजारांहून अधिक पत्रं गेली. थोड्याच दिवसांत शेकडो बायकांनी पैसे पाठवले. कुणी मंगळसूत्रासारखी जपलेली अंगठी विकली असेल, कुणी नवऱ्याच्या नकळत उसने काढले असतील. भाऊ पकडले गेले. मोठ्या दोघांना बारा-बारा वर्षं आणि धाकट्याला सात वर्षं सक्तमजुरी झाली.

खटला गाजला. पण ज्या वर्तमानपत्रांनी त्या जाहिराती पैसे घेऊन छापल्या, त्यांतल्या एकाही मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही. भावांचा गुन्हा खंडणीचा ठरला. खंडणीसाठी लागणारी आठ हजार घाबरलेल्या बायकांची यादी कुठून तयार झाली, हा प्रश्न न्यायालयाच्या दारातच राहिला. अमेरिकेत तर अशा याद्यांचा उघड बाजार होता. गुप्ततेच्या वचनावर आलेली पत्रं दलाल हजारांच्या गठ्ठ्याने भाड्याने देत: इतकी मूळव्याधीची, इतकी बायकांच्या दुखण्याची, इतकी ‘हरवलेल्या पुरुषत्वा’ची. एका भोंदूचं गिऱ्हाईक वापरून झालं की ते दुसऱ्याकडे. औषधाची बाटली एकदाच विकता येते, रोग्याचं नाव कितीही वेळा.

मग कायदा काय करत होता? कायद्याचे विद्यार्थी इथे लगेच कार्लिल खटल्याचं नाव घेतील. मुंबई-पुण्याच्या लॉ कॉलेजांत करार कायद्याच्या पहिल्याच तासांना तो शिकवतात. ‘कार्बॉलिक स्मोक बॉल’ म्हणजे कार्बॉलिक आम्लाची पूड भरलेला रबरी चेंडू, त्याची नळी नाकात घालून चेंडू दाबायचा. किंमत १० शिलिंग. १८९१ च्या नोव्हेंबरात कंपनीने जाहिरात दिली की आमचा चेंडू सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला १०० पौंड देऊ, आणि आमची नियत साफ आहे हे दाखवायला अलायन्स बँकेत १,००० पौंड ठेवलेत. लुइझा कार्लिल यांनी तो चेंडू जवळजवळ दोन महिने दिवसातून तीनदा नाकाला लावला आणि जानेवारीत त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. कंपनीचा बचाव: अहो, ती नुसती जाहिरातबाजी, ती कोण खरी मानतं? अपील न्यायालयाने १८९२ च्या डिसेंबरात हा बचाव फेटाळला. बाईंना १०० पौंड मिळाले.

विद्यार्थ्यांना इथवर शिकवतात. पुढचं मला जास्त बोलकं वाटतं. हरलेल्या कंपनीने नवी जाहिरात काढली: हजारो चेंडू विकले गेले, बक्षीस मागायला आले फक्त तिघे, यावरूनच चेंडूचा गुण कळावा, आता बक्षीस २०० पौंड. न्यायालयातला पराभव जाहिरातीत विजय होऊन आला. आणि गंमत पाहा, कार्लिलबाई जिंकल्या त्या कंपनीने आकडा लिहिला म्हणून. ‘हमखास गुण येतो’ एवढंच मोघम लिहिणाऱ्या शेकडो औषधवाल्यांचं या निकालाने काहीच बिघडलं नाही. एकेका फसलेल्या गिऱ्हाइकाने एकेक दावा लावावा आणि त्यातून बाजार सुधारावा, ही अपेक्षाच चुकीची होती. दावा लावायला आधी चारचौघांत सांगावं लागतं की मला अमुक दुखणं होतं. इन्फ्लुएन्झा झाला हे कुणीही सांगेल. नपुंसकत्वाचा पट्टा निकामी निघाला म्हणून न्यायाधीशासमोर कोण उभा राहील?

१९१२ मध्ये ब्रिटिश संसदेने या प्रश्नावर समिती नेमली. सर हेन्री नॉर्मन अध्यक्ष. समितीने दोन वर्षं साक्षी घेतल्या, आणि अहवालात मान्य केलं की कुणीही कसलंही मिश्रण करून, बनावट डॉक्टरांच्या बनावट सह्यांनिशी, कुठल्याही रोगावरचा उपाय म्हणून हव्या त्या किमतीला विकू शकतो आणि ब्रिटिश कायदा त्याला रोखायला व्यवहारात असमर्थ आहे. एवढा छोटासा मुद्रांक लावला की झालं. या औषधांच्या जाहिरातींवर वर्षाला होणारा खर्च समितीपुढे वीस लाख पौंडांच्या घरात सांगितला गेला. अहवालावर तारीख पडली ४ ऑगस्ट १९१४. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. अहवाल फडताळात गेला. घटक उघड करणं सक्तीचं करणारा आणि अनेक रोगांच्या औषधांच्या जाहिराती बंद करणारा कायदा आला १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, आणि त्याच कायद्याने ते मुद्रांक शुल्कही गेलं. या दोन गोष्टी एकाच कायद्यात होणं मला योगायोग वाटत नाही. खजिना भागीदार असेपर्यंत खजिन्याचा मालक न्याय करू शकत नाही.

या कथेत होलोवेचा बचाव करणारे भेटतात. त्याने सरेमध्ये एगम इथे बायकांसाठी भव्य कॉलेज बांधलं. १८८६ मध्ये खुद्द राणीने त्याचं उद्घाटन केलं. ते आज लंडन विद्यापीठाचा भाग आहे, तिथून पिढ्यान् पिढ्या मुली शिकून बाहेर पडल्या. कॉलेजच्या चित्रसंग्रहासाठी त्याने लाखमोलाची चित्रं घेतली. हे सगळं चांगलंच झालं, आणि त्या कॉलेजच्या विटा कुणी उपटाव्यात असं मी म्हणणार नाही. पण त्याला दान म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्या धुणीवालीने आपल्या सुजलेल्या पायासाठी शिलिंग मोजला, तिची मुलगी त्या कॉलेजात जाणार नव्हती. पैसे एकाकडून घेतले आणि दुसऱ्याला परत केले, तेही आपलं नाव दगडात कोरून.

आता आपल्याकडे. हिंदुस्थानात व्ही.पी. टपालाची, म्हणजे पार्सल हातात पडताना पोस्टमनकडे पैसे भरायची, सोय १८७७ मध्ये आली, ब्रिटनमध्ये अशी सोय यायच्या कितीतरी आधी, आणि टपाली औषधांचा धंदा इथे अगदी सुपीक जमिनीत रुजला. जुन्या मराठी वर्तमानपत्रांची पानं चाळणाऱ्या कुणालाही जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या ओळखीच्या असतील. वर देशभक्तीचा जळजळीत अग्रलेख, खाली धातुपुष्टी. तेव्हाच्या संपादकांना मी फार दोष देत नाही. सरकारी जाहिराती नसलेली पत्रं चालवायची होती. पण त्या सोयीची पुढे आपल्याला सवय झाली.

१९५४ मध्ये आपण जो कायदा केला, आक्षेपार्ह जाहिरातींचा आणि जादूटोण्याच्या उपायांचा, तो वाचताना वाटतं की मसुदा लिहिणाऱ्याने इंग्लंडची ही सगळी फजिती मन लावून अभ्यासली होती. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग आणि विकार आहेत; त्यांवर औषधाची जाहिरातच करायची नाही. आणि ‘जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणं’ या शब्दांत छपाईही येते, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे क्राइम्स भावांच्या खटल्यात जे पिंजऱ्याबाहेर राहिले, त्यांना आत घ्यायची सोय आपल्या कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात हमदर्द दवाखान्याच्या प्रकरणात या कायद्यातली काही सैल कलमं उडवली, पण अशा विक्रीच्या जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याची ढाल मिळणार नाही हेही सांगितलं. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, पुन्हा केल्यास वर्षभर.

तरीही मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आजही पानावर, पडद्यावर, फोनमध्ये दिसते आणि नोटीस गेलीच तर चूर्णवाल्याला जाते. जाहिरात घेणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं असतं: रोज इतक्या जाहिराती येतात, प्रत्येक कशी तपासणार? ज्यांना जाहिरातीचा आकार सेंटीमीटरमध्ये मोजता येतो आणि कुणाला कुठलं दुखणं आहे हे हेरून नेमकी त्यालाच जाहिरात दाखवता येते, त्यांनी ५४ नावांची यादी वाचता येत नाही म्हणावं, हे मला मान्य नाही. दुसरा बचाव अधिक प्रामाणिक असतो: ही जाहिरात सोडली तर चालणार कसं? त्याला उत्तर त्या थडग्याचं छायाचित्र छापणाऱ्या मासिकाने देऊन ठेवलंय. ‘लेडीज होम जर्नल’ने १८९२ मध्येच गुप्त औषधांच्या जाहिराती घेणं बंद केलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे वर्गणीदार दहा लाखांवर गेले.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने पुढची नोटीस दोन प्रतींत काढावी. एक विकणाऱ्याला, दुसरी छापणाऱ्याला किंवा दाखवणाऱ्याला, आणि न्यायालयाकडे दंड मागताना त्या जाहिरातीचं जेवढं बिल लावलं होतं तेवढ्या रकमेपासून सुरुवात करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.